अंगातली शिट्टी

संध्याकाळी दूधकट्ट्यावर तो रोज दिसायचा. जुना पैलवान. कान मोडून गोळा झालेले, मान कुठे संपते ते कळायचं नाही. समोरच म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध एका दमात संपवायचा आणि मिशीवरचा फेस मनगटाने पुसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मला तो ‘पावणं’ म्हणायचा आणि हात असा आवळायचा, की पेला मला डाव्या हाताने धरावा लागे.

गेल्या हिवाळ्यात तापाची साथ आली. मी काडीपैलवान, दोन-चार दिवसांत उठलो. तो मात्र बरेच दिवस फिरकला नाही. आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता.

“तुमास्नी बी झालतं?” त्याने मला खालीवर पाहिलं.

“झालं होतं. जरा घसा धरला, बस.”

तो पोटातून हसला. “मला ऑक्सिजन लावला की. डॉक्टर म्हणला, जंतू कवाच चीत झालता, पर तुमच्या अंगातली जंतूशी लढणारी ताकद थांबंना. तिनंच फुप्फुस सुजवलं. मग तिलाच गप करायचं औषध दिलं. आखाड्यात पंच शिट्टी मारतोय, पावणं. अंगात कोण मारणार?”

मग आम्ही दूध प्यायलो. कोमट दुधाने दोघांनाही बरं वाटलं. निघताना त्याने माझा हात धरला, नेहमीसारखा आवळायला लागला, आणि स्वतःच तोंडाने हळूच शिट्टी मारून सोडून दिला.