सोनौलीच्या रांगेतलं आईचं वय

आई बासष्टची, पण आधार कार्डावर पंचाहत्तरची. काकांनी कुठल्याशा ओळखीनं ते वय वाढवून आणलं, कारण पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. तेव्हापासून आई पारोळ्याहून देवपूरला माझ्याकडे ऊठसूट यायची आणि कंडक्टर दिसला की कंबर धरून चढायची. मी शाळेत शिकवते, मला हा प्रकार डोक्यात जायचा. पण आईपुढे कोणाचं चाललंय?

त्याच कार्डानं नेपाळच्या सीमेवर माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

आई-बाबांनी केदारनाथ केलं होतं. पशुपतिनाथाला गेल्याशिवाय ते पुरं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. तेवढं राहिलं आणि बाबा गेले. उरलेलं अर्धं त्यांच्यासाठी करायचं, एवढंच आईनं वर्षभर धरून ठेवलं होतं. म्हणून एरंडोलहून निघालेल्या यात्रेच्या बसमध्ये आम्ही दोघी बसलो.

सीमेवरच्या सोनौलीच्या अलीकडे यात्रा नेणाऱ्या नानांनी सगळ्यांना मतदान कार्डं बाहेर काढायला सांगितली. आईनं आधार काढलं.

"मतदान कार्ड कुठंय?" मी विचारलं.

"घर शे. आते कोठे मतदान शे?"

कार्ड घरीच राहिलं होतं. मी कपाळावर हात मारला. नाना म्हणाले, "ताई, पासष्टच्या आत असतील तर नुसत्या आधारवर सोडत नाहीत. अक्कांचं वय काय?"

आईनंच सांगितलं, "पंचाहत्तर." नानांनी तिच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं, कापूस वेचून काटक झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि पुढच्या सीटकडे वळले.

आम्ही तपासणीच्या रांगेत उभ्या राहिलो. वय खोटं निघालं तर आईला इथूनच परत फिरावं लागणार होतं, आणि कार्डाची चौकशी लागली तर काय, याचा विचारही करवत नव्हता. राग काकांचा येत होता, काढत होते आईवर. "कंबर धर," मी पुटपुटले. तिनं धरली नाही. देवाच्या वाटेवर नाटक नको, असं तिला वाटलं असावं.

अधिकाऱ्यानं तिचं कार्ड पाहिलं, तिला पाहिलं. मग माझं कार्ड घेऊन दोन्ही शेजारी धरली.

"ये आपकी बेटी? सबसे बड़ी?"

"हां," मीच घाईनं म्हणाले. खरंच होतं ते. माझ्या पाठीवर फक्त एक भाऊ.

"माँ पचहत्तर की, बड़ी बेटी इकतालीस की," तो सावकाश म्हणाला. "गाँव में पहला बच्चा इतनी देर से?"

संपलं सगळं, असंच वाटलं. मागची माणसं टाचा उंचावून बघायला लागली होती.

"पहिला नहीं साब," आई म्हणाली. आवाज अगदी साधा. "इसके पहिले दो हुए. दोनों लडके. जिये नहीं."

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून कार्डं परत दिली आणि हातानंच पुढे जायची खूण केली.

आम्ही फाटक ओलांडलं. सुटल्याचा आनंद बाजूलाच राहिला आणि मी तिच्यावर घसरले. "खोट्या वयापायी मेलेली पोरं कसली रचतेस गं? देवाच्या दारात जाताना तरी?"

आईनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आमची बस अजून पलीकडेच होती, तिकडे तिनं एकदा पाहिलं.

"वय तेवढं खोटं शे, माय," ती म्हणाली.