एकाच दिवशी घेतलेले दोन फोन

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा अलार्म मी बनवला. देवघरातल्या दिव्याचा डिमर, मिक्सरच्या जुन्या मोटरवर चालणारी नारळाची खवणी, गॅलरीतली घडी होणारी दोरी... सगळं घरी, स्वतःच्या हाताने, कुठलाही कोर्स न करता. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काही बिघडलं की आधी आमची बेल वाजते.

म्हणून गेल्या आठवड्यातलं लिहायला जरा जड जातंय.

फोनला मोठा अपडेट आला. बॅटरी फुल करून, वाय-फायवर, रीतसर टाकला. दुसऱ्या दिवसापासून कीबोर्ड उघडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरायला व्हायचं.

कॅशे साफ केली, नको ती ॲप काढली, स्टोरेज निम्मं रिकामं केलं. फरक शून्य. आणि बायकोचा, विद्याचा फोन अगदी हाच, एकाच दिवशी घेतलेला, अपडेटही एकाच दिवशी टाकलेला... तो मात्र झकास चाललेला. दोन्ही शेजारी ठेवून एकेक सेटिंग ताडून पाहिली. सगळं सारखं. डोकं चालेना.

खरी पंचाईत आक्काची झाली. माझी मोठी बहीण, देवगडला असते. तिला ऐकू कमी येतं, ओठ बघून कळतं, म्हणून रोज सकाळी व्हिडिओ कॉल. मी हिरवं बटण सरकवत राहायचो आणि कॉल कट व्हायचा. मी लावला तर चित्र अडकलेलं.

गणपतीत गावच्या घराच्या छपरावरच्या पत्र्यांवरून आमचं थोडं वाजलं होतं. माझी वाट न बघता तिने दुसऱ्याकडून बसवून घेतले म्हणून मी बोललो होतो. शेवटी तिने विद्याला कॉल करून माझ्याबद्दल विचारलं, "तुझो घोव माझ्यार रागावलो काय गो?"

मी विद्याच्या फोनवरून सांगितलं, फोन बिघडलाय. आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझ्या हातातली वस्तू बिघडता कशी?"

स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, मॉडेल जुनं झालं, आता हा असाच चालणार. एक्स्चेंज करा, साडेचार हजार धरतो." मग विद्याचा कसा चालतो, असं विचारलं तर त्याने माझा नंबर लिहून घेतला.

रात्री जेवण झाल्यावर मी फोन बंद करायला घेतला. रोज करतो, यंत्राला विश्रांती हवी. विद्या भांडी लावता लावता म्हणाली, "माझा तर रात्रभर चार्जिंगला पडलेला असतो. तेवढाच फरक आहे ना दोघांत?"

या सवयीवरून मी तिला कायम टोकत आलोय. तिचं चूक आहे हे दाखवायला म्हणून मी माझाही तसाच, चालू ठेवून लावला. सकाळी जरा हलका वाटला. आणखी दोन रात्रींनी पहिल्यासारखा.

नंतर वाचलं. अपडेटनंतर फोन आपली उरलेली कामं चार्जिंगला निवांत पडलेला असताना उरकत असतो, आणि मी रोज नेमकं तेव्हाच त्याला बंद करत होतो. वाचलं तरी अजून नीट पचलेलं नाही... विश्रांती म्हणजे बंद, की चालू? काही असो, विद्याचे आभार जाहीर मानतो. घरात मानले आहेत, पण तिला ते पुरेसे वाटले नाहीत.

काल आक्काचा कॉल पहिल्याच रिंगला घेतला. म्हटलं, रागावलो होतो, पण पत्र्यांवरून, आणि तेही गणपतीतच संपलं. तिने ते माझ्या ओठांवरून नीट वाचलं आणि पत्रे दाखवायला फोन घेऊन अंगणात गेली.

मधेच दुकानदाराचा फोन आला. एक्स्चेंजचे साडेपाच हजार देतो म्हणाला. नको म्हणून सांगितलं.