जॉइंटखालचा कागद

फ्रीजच्या दारातून गार पाणी यावं म्हणून नळापासून पाइप जोडायला उचगावचे एक प्लंबर आले होते. साठीचे असावेत. खाली बसताना आणि उठताना कण्हायचे. जोडणी झाली, तसा त्यांनी जॉइंटखाली जुन्या पेपरचा कागद पसरला आणि भिंतीला टेकले.

"झालं की, मामा," मी म्हणालो. मला ऑफिसला उशीर होत होता.

"पावणं, पाणी लगेच खरं बोलत न्हाय. अर्धा तास बसाय लागतंय."

बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. अर्ध्या तासानं मी वाकून पाहिलं. कागद कोरडाठाक होता. तेवढ्यात ते दचकून जागे झाले.

"भिजलाय काय?"

"अजून थोडं बघूया की," मी म्हणालो आणि खांद्यावरची बॅग खाली ठेवली.