कारखाना वाढवला

आमचा व्हिसा माझ्या नोकरीवर आणि माझी नोकरी सिडनीतल्या पंपांच्या कारखान्यावर टांगलेली होती. कारखाना अमेरिकेतल्या एका बड्या उद्योगपती घराण्याचा. तो चालू राहणार की बंद होणार, हे सांगायला त्या घराण्याच्या चौथ्या पिढीतला वारस पॅरामॅटा उपनगरातल्या ऑफिसात आला होता.

पण सांगेल तर शपथ! स्वारीने सुरुवात केली थेट पणजोबांपासून. त्यांनी नदीकाठच्या शेडमध्ये आधी दारांच्या बिजागऱ्या केल्या, मग ओतीव लोखंडाच्या शेगड्या, मग हातपंप. पडद्यावर फोटोमागून फोटो. मी गळ्यातल्या आयकार्डाची दोरी पिळत बसले होते. बिजागऱ्या पुण्यात माझे बाबाही करायचे, त्यांच्या शेडचे फोटो मात्र कुणी काढले नाहीत. शेवटी तो म्हणाला, "ती पहिली शेड बंद करायची हिंमत केली, म्हणून आम्ही मोठे झालो." आणि लगेच आमचाही कारखाना बंद करून मोकळा झाला. मला इतका संताप आला की त्याच्या पणजोबांनाही चार शब्द सुनावावेसे वाटले.

बाहेर येते तोच नवऱ्याचा फोन. "अगं, काय झालं? डिसाइड केलं का त्यांनी?"

"वाढवला," एवढंच बोलले आणि फोन ठेवला. आणखी बोलले असते तर तिथेच रडले असते.

धंद्याला 'बंद' शब्द लावायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. बाबा रोज संध्याकाळी शटर ओढताना "चला, वाढवूया" म्हणायचे. शटर कायमचं ओढलं त्या दिवशीही घरी येऊन "वाढवला" एवढंच म्हणाले. नवरा मुंबईत इंग्लिश मीडियममध्ये शिकलेला, हे फोनवर बोलताना माझ्या डोक्यातच आलं नाही.

स्कोफिल्ड्स स्टेशनला उतरून घरी आले, दार उघडलं, तर हॉलभर फुगे. "मम्मी, यू डिड इट!" म्हणत लेक येऊन बिलगली. नवरा जिलबीचा बॉक्स घेऊन पुढे. "एक्सपान्शन! मी म्हटलं नव्हतं, नो वरीज? आता पीआर पक्का, कायमचं इथेच!"

पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. दुपारी नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणजे माझा तो एक शब्द तिनेही ऐकला होता. ती वळली. डोळे लाल होते. फुगे फुगवले जात असताना ती एकटी ते मनात ठेवून स्वयंपाक करत होती.

"जावईबापू, पानं घ्या, मी वाढते," ती म्हणाली. "आधी सगळे पोटभर जेवा. मग ती सांगेल तुम्हाला, वाढवला म्हणजे काय."