इंझोरीच्या माणसाचा नंबर

जे आता सांगायला बसलो आहे, ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सव्वीस वर्षांचा संसार झाला, घरातलं काही तिच्यापासून लपलेलं नाही — एवढं एक सोडून. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी तोंड उघडतं आहे.

जऊळक्याला माझी शेती आहे. गावात नाव चांगलं आहे. कुठल्याही दुकानात गेलो की मी मागच्याला पुढे करतो — "तुमी घ्या आंधी, मले घाई नाई." किराण्याचं असो, औषधाचं असो. पोरगी कौतुकानं म्हणते, बाबांसारखा सभ्य माणूस नाही. ते ऐकलं की मी उठून गोठ्याकडे जातो. कारण तो माझा स्वभाव नाही. ती सवय एका दिवसानंतर लागली. त्याआधी मी चारचौघांसारखाच होतो — की त्यांच्याहूनही वाईट? ते तुम्हीच ठरवा.

चार वर्षांमागची गोष्ट. पेरणी तोंडावर आलेली. सोयाबीनच्या एका नव्या वाणाचं बियाणं वाशीमच्या एकाच कृषी केंद्रात आलं होतं, माणशी दोन बॅगा. मी पहाटे निघालो, पोचलो तर रांग आधीच रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. कोणी नंबर म्हणून चप्पल ठेवून चहाला गेलेला, कोणी दुसऱ्याची चप्पल लाथेनं बाजूला सारून तिथे उभा. कोपरानं ढकलणं, आईबहिणीवरून शिव्या — सगळं चालू होतं. अशा रांगेत कोणी कोणाचा नसतो.

माझ्यापुढे एक माणूस होता. चाळिशीचा, अंगात इस्त्री नसलेला पांढरा सदरा. इंझोरीचा, एवढंच कळलं. नाव मी विचारलं नाही — आज वाटतं, विचारायला हवं होतं. त्याची म्हातारी आई रांगेलगतच्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायाला प्लास्टर. ते काढायला सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. बियाणं आणि दवाखाना, एका खेपेत दोन्ही कामं.

सात-साडेसातला माझ्या लक्षात आलं की बियाण्यासाठी लागणारी आधार कार्डाची झेरॉक्स मी घरीच विसरलो; कार्ड तेवढं खिशात होतं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा ना भाऊ, बिनधास्त जा. मी हावो अथी." झेरॉक्सचं दुकान उघडायलाच पाऊण तास लागला. परत आलो तर माझी जागा तशीच रिकामी! मधे दोघं घुसू पाहत होते, त्यांच्याशी तो भांडला होता — एकाचा हात लागून त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. मला ते त्याच्या आईनं सांगितलं, त्यानं नाही. माझा घसा कोरडा पडलेला पाहून म्हातारीनं पिशवीतून बाटली काढली. "पे बापा, उन्हाचा आला तू." मी प्यालो. बाटली अर्धी केली.

साडेनऊला तो मला म्हणाला, "मायले दवाखान्यात नेऊन आणतो. माया नंबर धरून ठेवजा भाऊ, आलोच."

"जा, जा," मी म्हणालो. "काळजी करू नका."

हे शब्द मी बोललो होतो. विसरलो असं म्हणता येणार नाही.

अकराच्या सुमारास दुकानाचे मालक बाहेर आले. माल कमी होता. ते पुढून एकेकाच्या खांद्याला हात लावत माणसं मोजत आले, आणि माझ्यापाशी थांबले. "अथपर्यंत भेटन. मांगच्याइनं घरी जा." माझ्यामागे नुसता गलका उठला. काही गेले, बरेचसे तिथेच उभे राहिले, काही तरी होईल म्हणून.

मी शेवटचा होतो. म्हणजे तो परत आला आणि माझ्यापुढे उभा राहिला, तर शेवटचा तो होणार होता आणि मी रिकाम्या हातानं घरी जाणार होतो. मालक आले तेव्हाच मी सांगायला हवं होतं की माझ्यापुढे अजून एक माणूस आहे. नाही सांगितलं. उलट पाऊल पुढे टाकून ती फट बुजवली.

तो आला. आईला हाताशी धरून, हळूहळू. प्लास्टर निघालं होतं. म्हातारीचा पाय काडीसारखा दिसत होता. तो हसतच माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मागून चारपाच जण धावून आले.

"ओ, कुठी घुसून राह्यले? आमी का पागल हाओत काय सकाळपासून?"

"नाई भाऊ, माया नंबर हाय. याइले इचारा," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काय करायला हवं होतं, हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही. एक शब्द — 'हो'. तेवढाच.

मी म्हणालो, "मले काई माईत नाई. मी याइले ओळखत नाई."

कोणीतरी त्याची गचांडी धरली. तेव्हा म्हातारी पुढे आली. काठी माझ्याकडे रोखून म्हणाली, "काहून खोटं बोलतं रे बापा? माया बाटलीतलं पानी पेलं ना तू? तूच त होता!"

लोक हसले. कोणी म्हणालं, बुढीचं डोकं फिरलं. आणि मी — मी त्या हसणाऱ्यांकडे पाहून जरासा हसलो. म्हणालो, "आजी, तुमची चूक होऊन राह्यली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी ते कधीचंच विसरलो असतो. माझ्याकडून काय झालं हे जणू त्यालाच आधी कळलं आणि त्याला माझीच लाज वाटली — असं पाहिलं. मग गचांडी सोडवून घेत तो आईला म्हणाला, "नाई वं माय. थो दुसरा भाऊ होता. उन्हानं तुले दिसून नाई राह्यलं." आणि मला म्हणाला, "माफ करजा."

तिला घेऊन तो निघाला. ती चार पावलांवर थांबून मागे वळून पाहायची. मुलगा आपलं खरं का मानत नाही, हे तिला कळत नव्हतं.

मी दोन बॅगा घेतल्या. पेरलं. चांगलं पिकलं.

गेल्या दिवाळीआधी वाशीमला किराण्याच्या दुकानात तो दिसला. गर्दीत आम्ही शेजारी आलो. मी लगेच मागे सरलो, तोंडातून निघून गेलं — "माय कशी हाय?"

त्यानं ओळखलं. "गेली," म्हणाला. "पोळ्याच्या आंधी." आणि बाजूला होत मला वाट करून दिली. "तुमी आंधी आले. तुमी घ्या."

मी काय केलं असेल? त्याचे पाय धरले? रडलो? नाही. मी पुढे झालो. तूरडाळ आणि तेल घेतलं आणि मान खाली घालून बाहेर पडलो. बायको बाहेर उभी होती. तिनं विचारलं, कोण होते? म्हटलं, कोणी नाही.

त्या दिवशी रांगेत जे हसले, त्यांतला कोणी हे वाचत असेल-नसेल. आजीचं डोकं फिरलं नव्हतं. तिला उन्हानं कमी दिसत नव्हतं. बाटलीतलं पाणी मीच प्यालो होतो.