तारांकित मावशी

मावशी एरवी चारचौघींसारख्याच बोलायच्या, पण आमच्या कार्यालयाचा जिना चढून वर आल्या की त्यांची भाषा बदलायची. "भाऊ, आज चहात साखर पडलेली न्हाई, हे खरे आहे काय?" मी कागदातून मान वर न काढता म्हणायचो, "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, साखर कवा पडनार?" "कार्यवाही सुरू आहे." मग तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसायच्या. मावळातल्या नवलाख उंबरे गावची बाई, सगळं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई'चं, पण 'हे खरे आहे काय' एवढे चार शब्द मात्र छापल्यासारखे उच्चारायच्या, 'आहे'मधला ह न गिळता. त्यांना तारांकित मावशी हे नाव मीच ठेवलं.

आमदार सभागृहात मंत्र्यांना जे प्रश्न विचारतात, त्यातल्या तोंडी उत्तराच्या प्रश्नापुढे चांदणीसारखी खूण छापतात, म्हणून तो तारांकित. आमदार उभे राहतात, टीव्हीवर दिसतात, पण तो प्रश्न आधी कुठेतरी कुणीतरी खरडलेला असतो. आमच्या साहेबांचे प्रश्न खरडणारा तो कुणीतरी मी. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीत आमचं संपर्क कार्यालय होतं. दिवसभर खालून गुळाच्या पाकाचा वास यायचा आणि त्या वासात बसून मी गृहमंत्र्यांना तुरुंगांबद्दल, पोलिसांबद्दल, लोकांच्या रखडलेल्या पासपोर्टबद्दल खडसावायचो. कागदावर हं. प्रत्यक्षात समोरून फौजदार येताना दिसला तर मी रस्ता बदलणारा माणूस. पण लिहायला बसलो की मोठा तोरा. माझ्या मसुद्यातला शब्द कुणी बदललेला मला खपत नसे.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मात्र त्या हसल्या नव्हत्या. "जय भीम, भाऊ," म्हणाल्या, बाकावर बसल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल काढून माझ्या टेबलावर ठेवली. फाइलमध्ये सगळ्यात वर एका पोराचा फोटो होता. मिलिंद, त्यांचा धाकटा. मोठी सुजाता, ती लग्न करून गावातच दिलेली. नवरा पोरं लहान असतानाच गेला. मावशींनी तळेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून दोघांना वाढवलं.

मिलिंद लोहगडवाडीला गडाखाली मित्राच्या स्टॉलवर भजी तळायचा. एका रविवारी गाडी लावण्यावरून पर्यटकांशी बाचाबाची झाली, कुणाचं तरी डोकं फुटलं, पोलिसांनी चौघांना उचललं. त्यात हा. मारलं कुणी ते ठरायचंच होतं, पण जामिनाचे कागद पुरे होईपर्यंत कच्चा कैदी म्हणून त्याची रवानगी तुरुंगात झाली. पोराला लहानपणापासून दमा. मावशी भेटीला गेल्या तेव्हा त्यांनी त्याचा दम्याचा पंप तुरुंगाच्या खिडकीवर जमा केला. तो आत पोचला की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मिलिंद गेल्याचा निरोप गावात आला, तो सुजाताच्या नवऱ्याने घेतला.

"मंत्र्याला इचारा," मावशी म्हणाल्या. "माज्या मिलिंदनं औषिद मागितलं व्हतं का?"

मी माझ्या तोऱ्यात होतो. म्हटलं, मावशी, त्याने मागितलं की नाही याने काय फरक पडतो? आजारी माणसाला औषध देणं त्यांचं कामच आहे. आपण विचारू, न देणाऱ्यांवर काय कारवाई केली. पण त्या हटल्या नाहीत. "ते तुमी इचारा. पर माजं बी लिवा." शेवटी त्यांचं समाधान म्हणून मी ते प्रश्नाचा तिसरा भाग म्हणून घातलं. त्यांना मसुदा वाचून दाखवला. "न्यायाधीन बंदी मिलिंद याचा दम्याच्या विकाराने कारागृहात मृत्यू झाला, हे खरे आहे काय?" मावशींनी बोट वर केलं. "भाऊ, तो जेलात न्हाई गेला. दवाखान्यात नेताना गाडीत गेला. पार हास्पिटलच्या गेटापाशी." मी म्हटलं, "तेच ते, मावशी. असं थोडक्यातच लिहायचं असतं." त्यांनी बोट खाली घेतलं. शिकलेल्या माणसाला कळत असेल, असं वाटलं असेल त्यांना. त्या शिकलेल्या माणसाला आज माझ्यासमोर उभं केलं तर मी त्याच्या दोन मुस्काटात मारीन.

अधिवेशनात उत्तर छापून आलं. त्याच आठवड्यात मी लिहिलेल्या पासपोर्टच्या प्रश्नालाही उत्तर आलं होतं. पोलीस पडताळणीत पोरांचे पासपोर्ट अडकतात, ते तातडीने निकाली काढू, असं आश्वासन मंत्र्यांनी दिलं, आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्याच्या खालच्या पानावर मावशींचं होतं. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

एका शब्दाने घात केला होता. मृत्यू कारागृहात नाही, गाडीत झाला, तेव्हा पहिला भाग खोटा, आणि पहिलाच खोटा म्हटल्यावर पुढच्यांना उत्तर द्यायची गरजच उरली नाही. कुठल्यातरी खात्यातल्या माझ्यासारख्याच एका कारकुनाने माझी चूक बरोबर हेरली होती. मी मावशींना हे समजावून सांगितलं.

"उद्भवत न्हाई म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... तो प्रश्न निघतच नाही, मावशी."

"माज्या तर पोटात रोज निगतोय की," त्या म्हणाल्या, आणि कागदाची झेरॉक्स मागून घेतली. एवढंच. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, देवाशपथ.

त्यानंतर दर अधिवेशनाआधी मावशी यायला लागल्या. पावसाळी, नागपूरचं हिवाळी, बजेटचं, सगळ्यांचं वेळापत्रक त्यांना साहेबांपेक्षा पक्कं ठाऊक असायचं. येताना डब्यात जवसाची चटणी आणि भाकरी. जो कागद निघेल त्याची झेरॉक्स मागून न्यायच्या आणि कप्प्यात घालायच्या. दुसऱ्या वेळी प्रश्न निवडायला काढतात त्या चिठ्ठ्यांमध्ये आमचा प्रश्न निघालाच नाही, तर त्या निघालेल्या प्रश्नांच्या यादीचीसुद्धा झेरॉक्स मागितली. "आसूं द्या. ह्यात न्हाई ह्येचा बी पुरावा लागतो."

बाकावर बसलेल्या इतर लोकांचा तर त्यांनी क्लासच सुरू केला होता. कुणी शिरगावहून मंदिराजवळच्या वाहतूक कोंडीचं गाऱ्हाणं घेऊन यायचा, कुणाचा पासपोर्ट चौकीत अडलेला असायचा. मावशी त्याला आधी आपल्यापुढे बसवून घ्यायच्या. "हे बग बाबा, भाऊला नीट सांग. चौकीत अडलं तर चौकीत सांग, हापिसात अडलं तर हापिसात. एक शबुद चुकला ना, तर तुजा प्रश्नच उद्भवायचा न्हाई." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. टोमणा होता, पण त्यात विष नव्हतं. मी मान खाली घालून लिहीत राहायचो. आणि खरं सांगतो, मावशी आल्यापासून माझे मसुदे सुधारले. माणूस म्हणेल ते तसंच्या तसं आधी लिहून घ्यायचं, मग त्याला सरकारी कपडे चढवायचे, ही सवय मला त्यांनी लावली.

त्या तिसऱ्या भागाचा त्यांना एवढा ध्यास का, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं. बाहेर धो धो पाऊस पडत होता, त्यांची गाडी चुकली होती आणि कार्यालयात आम्ही दोघंच होतो. चटणीचा डबा उघडून मला म्हणाल्या, "घ्या की, भाऊ." मी म्हटलं, राहू द्या, भूक नाही. तर एकदम म्हणाल्या, "माजा मिलिंद बी असाच. कुनी काय दिलं की दोन्ही हात पाटीमागं."

आणि मग बोलतच राहिल्या. नवरा गेल्यावर लोक येता-जाता पोरांच्या हातावर काहीबाही ठेवायचे. शिळं, उरलेलं. मावशींना ते सोसायचं नाही. त्यांनी दोघांना दम भरला होता की कुणाकडं काही मागायचं नाही, आपण मागून खाणारी माणसं नाही. सुजाता खमकी, तिने ते निम्मं ऐकलं. मिलिंदने पुरं ऐकलं. शाळेत ताप भरला तर गुरुजींना पाणी मागायचा नाही. कँटीनला आईला न्यायला आला तर तासभर गेटबाहेर उभा राहायचा, वॉचमनला आत निरोप द्या म्हणायचा नाही. "भेटीला गेले तवा जाळीतनं त्येला म्हनले, मिलिंद, हितं लाजू नको रे, दम लागला तर माग. त्यो नुसता मान हालवत व्हता." मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "त्यांनी दिलं न्हाई, त्ये त्यांचं पाप. त्ये त्यांच्यापाशी. पर त्येनं मागितलंच नसंल, तर मंग मीच मारला की वो त्येला. आता सांगा भाऊ, हे खरे आहे काय?"

 मी उठून खिडकीशी गेलो आणि मावशींना माझे डोळे दिसू नयेत म्हणून तिथेच उभा राहिलो.

पुढच्या अधिवेशनात प्रश्न लागला. या वेळी मी 'कारागृहातून रुग्णालयात नेत असताना वाहनात' असं लिहिलं, मावशींकडून तीनदा तपासून घेतलं. मावशी नवं लुगडं नेसून आल्या. मोबाइलवर सभागृहाचं कामकाज दिसत होतं. आमचा नंबर यादीत बराच खाली होता. साहेब उभे राहून पुढचं विचारणार होते, तसा शब्दच दिला होता त्यांनी. पण कुठल्याशा विधानावरून गोंधळ सुरू झाला, सदस्य पुढे धावले, घोषणा झाल्या, आणि प्रश्नांचा तास त्यातच संपला. "सपलं?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, "थांबा मावशी, छापील उत्तर येतं."

ते आलं. मुंबईहून साहेबांच्या माणसाने फोटो पाठवला, मी त्याची प्रत काढली आणि मावशी समोर बसलेल्या असताना मनात वाचली. (१) होय, हे खरे आहे. (२) चौकशी अहवाल प्राप्त झाल्यानंतर उचित कार्यवाही करण्यात येईल. (३) अशी मागणी केल्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही.

नोंद आढळून येत नाही. अरे, ज्याने द्यायचं तोच नोंद करणार, आणि तोच नोंद नाही म्हणणार! एखादं पोर घुसमटत काय म्हणालं हे कोण वहीत लिहून ठेवतं? हे सगळं मला मावशींना सांगता आलं असतं. पण त्यांना त्यातलं एकच ऐकू गेलं असतं. त्या मान वर करून माझ्याकडे बघत होत्या, हात मांडीवर घट्ट धरले होते.

"वाचा, भाऊ."

मी वाचलं. "एक, होय, हे खरे आहे. दोन, उचित कार्यवाही करण्यात येईल. तीन..." मी कागद जरा जवळ घेतला. "तीन, होय. त्याने वारंवार मागणी केली होती."

"वारंवार म्हंजी?"

"म्हणजे पुन्हा पुन्हा, मावशी."

"मागितलं," त्या म्हणाल्या. "मागितलं माज्या लेकरानं." आणि टेबलावर डोकं ठेवून अशा रडल्या की खालच्या दुकानातल्या बायका जिना चढून वर आल्या. तो कागद मी ड्रॉवरमध्ये सरकवला. म्हटलं, झेरॉक्सचं मशीन बंद आहे, नंतर देतो. मशीन चालू होतं.

त्यानंतर मावशी कार्यालयात आल्या नाहीत. मी वाट पाहायचो. दोन अधिवेशनं गेली, मग सुजाताचा फोन आला, आईने अंथरूण धरलंय, तुमची आठवण काढते. मी नवलाख उंबऱ्याला गेलो. मावशी पार वाळून गेल्या होत्या, नुसते डोळे तेवढे पूर्वीचे. सुजाता चहा ठेवायला आत गेली तशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, एक उपप्रश्न हाये."

"विचारा की, मावशी."

"त्या दिशी तुमी वाचलं, त्ये तसंच लिवलेलं व्हतं, हे खरे आहे काय?"

आयुष्यभर मंत्र्यांच्या उत्तरांना नावं ठेवली मी. लपवतात, फिरवतात, खोटं बोलतात. मी मावशींच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "होय, हे खरे आहे."

 त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दोनदा थोपटलं. "मंग पुढचा प्रश्न उद्भवत न्हाई," म्हणाल्या आणि आत हाक मारली, "सुजे, भाऊंच्या चहात साखर टाक गं."

आठवड्याने त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी सुजाताने ती फाइल माझ्या हातात दिली, तुमच्याकडेच असू द्या म्हणाली. मिलिंदचा फोटो, माझा पहिला चुकीचा मसुदा, 'उद्भवत नाही'चं उत्तर, आमचा प्रश्न नसलेली यादी, सगळं क्रमाने लावलेलं. शेवटचा एक कप्पा मोकळा होता. त्यात जायचा तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मी तो कुणाला दाखवलेला नाही. पानापानाची झेरॉक्स मागून नेणाऱ्या मावशींनी तेवढा एक कागद माझ्याकडे कधीच मागितला नाही.