हळदीच्या गाण्यांची कॅसेट

मी अकरावीला लातूरला आले, तेव्हा भूकंपाला फार काळ लोटला नव्हता. दहावीला बरे मार्क पडले म्हणून वडिलांनी मला नायगावकडच्या आमच्या खेड्यातून थेट शिकवण्यांच्या गावात आणून सोडलं. तेव्हा गल्लोगल्ली पोरापोरींसाठी खोल्या निघायला लागल्या होत्या. मला खोली मिळाली ती एका एकट्या बाईंच्या घरात. मी त्यांना मावशी म्हणायचे.

घर पक्कं होतं, पण मावशी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायच्या. त्यांची धाकटी बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली होती. भूकंपाच्या पहाटे ती दगडमातीच्या घराखाली गेली. तिचा मुलगा लातूरच्या वसतिगृहात होता म्हणून वाचला.

दुपारची भांडी झाली की मावशी शेडमध्ये टेपरेकॉर्डर लावायच्या. कॅसेट एकच. मावशींच्या लेकीच्या हळदीला कुणीतरी मांडवात टेप चालू करून ठेवला होता, त्याची. गाणं धाकटी बहीण उचलायची आणि बाकीच्या बायका तिच्या मागं म्हणायच्या. मधेच कुणीतरी विचारायचं, "अगं, खोबऱ्याची वाटी कुठं ठेवली?" आणि ती गाता गाता हसायची. मी बाजूला रसायनशास्त्राची समीकरणं सोडवत बसलेली असायचे.

"पोरी, तुझा अभ्यास मोडून राहिला का गं?"

"न्हाई मावशी, लावा तुम्ही."

मी तोंडदेखलं म्हणत नव्हते. आमच्या डाव्या-उजव्या सगळ्या घरांत पोरं पाठांतर करत असायची, आणि आमच्या अंगणात टेपवरची एक बाई मोकळ्या गळ्यानं गात असायची. घरापासून दूर राहिलेल्या मला त्याचा मोठा आधार होता.

एका दुपारी लाइट कमी-जास्त झाली आणि टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. आवाज घोगरा झाला, लांबला आणि बंद पडला. मावशींचा हात पुढं होईना. मीच हळूहळू रीळ सोडवली. एका जागी ती पार चुरगळली होती आणि तुटलीही होती.  संध्याकाळी मावशींनी स्टोव्ह पेटवला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी निघाले तेव्हा त्यांनी ती कॅसेट खणात गुंडाळून माझ्या हातात दिली. नांदेडला वडिलांच्या ओळखीच्या एका चाचांचं कॅसेटचं दुकान होतं. सांगाल ती गाणी ते कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचे. बाजाराच्या तोंडाशी दुकान असल्यानं दिवसभर तिथं मोठ्यानं काहीतरी वाजत असायचं.

"कुणाचा आवाज हाय ह्याच्यात?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी दुकानातलं वाजणारं गाणं बंद केलं. मग कॅसेटचे बारीक स्क्रू काढले, रीळ बोटांनी सरळ केली, चुरगळलेला भाग ब्लेडनं कापला आणि दोन टोकं मागून चिकटपट्टीनं जोडली.

"वीतभर गेली, बेटा. तेवढी आता बोलणार न्हाई."

नंतर त्यांनी तिची दुसऱ्या कॅसेटवर कॉपी करायला लावली. तेव्हा कॉपीला गाण्याएवढाच वेळ लागायचा. चाचा आणि मी स्टुलावर बसून सगळी हळद ऐकली. गिऱ्हाइकं आली, त्यांना चाचांनी हातानंच थांबायला सांगितलं. शेवटी नव्या कॅसेटच्या मागच्या दोन पट्ट्या त्यांनी मोडून टाकल्या, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरू नये. म्हणाले, "हसती लई छान ही बाई."

लातूरला परतल्यावर मावशींनी कॅसेट लावली. तुटलेल्या जागी बहिणीची एक अख्खी ओळ गेली होती. बायका मागं म्हणत होत्या, पण पुढं म्हणणारी नव्हती. मावशींनी कॅसेट मागं घेतली. ती जागा आली तेव्हा बटण दाबून मशीन थांबवलं, ती ओळ स्वतः म्हटली आणि बटण सोडलं. बायकांचा आवाज त्यांच्या मागं आला.

"ती उचलायची, मी मागं मागं," त्या मला म्हणाल्या. "मला कुठं येतं गाणं?"

त्यानंतर माझी बारावी होईपर्यंत त्या जागेवर मशीन थांबायचं आणि मावशी गायच्या. आवाज बारीक होता, पण सुरात असायचा.

पुढं माझं शिक्षण झालं, नांदेडलाच नोकरी लागली. मावशींशी बोलणं चालू राहिलं. मध्यंतरी त्यांच्या नातीनं ती कॅसेट फोनमध्ये उतरवली. कसल्याशा अॅपनं खरखर काढली आणि गेलेली ओळ आजीच्या आवाजात भरून घेतली. मग गाणी घरच्या ग्रुपवर टाकली. मलाही आली. मी गोदावरीच्या घाटावर फिरता फिरता कानात घालून ऐकली. दोन वर्षं रोज ऐकलेल्या गाण्यांत मला पहिल्यांदाच बांगड्यांचा आवाज ऐकू आला. कॅसेटच्या दिवसांवर माझा जीव आहे, पण त्या दिवशी मला फोनचंही मनापासून कौतुक वाटलं.

मावशींच्या बहिणीचा मुलगा आता पुण्याला कारखान्यात आहे. पूर्वी आईचा आवाज ऐकायला त्याला लातूरला यावं लागायचं, आणि तो दर दिवाळीला यायचा. आता कामावर जाता-येता ऐकतो. त्याच्या धाकट्या मुलीला सगळी गाणी पाठ झाली. ती विचारायला लागली की अजून असली गाणी कुठं आहेत. त्यानं मावशींना फोन केला आणि पोरीला गाणी शिकवायला म्हणून त्यांना पुण्याला न्यायला आला.

परवा पुण्याहून मावशींचा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय शिकवणं?"

"चाल लवकर उचलती गं पोरगी," त्या म्हणाल्या. "शब्द मातर पुण्याचे घालून राहिली. सांगून राहिले मी तिला, असं न्हाई, नीट म्हण."

मागून ती पोरगी गात होती. मावशींनी फोन तिच्याकडं धरला.